गोष्टीतली मधली वाट गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकातील मुलांचे पान मी कित्येक वर्षे नियमाने वाचते आणि त्यातील बऱ्या गोष्टी कापून वहीत चिकटवून ठेवते. बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवले. निवृत्त झाल्यापासून आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी दुपारी मुलांसाठी गोष्टींचा तास घेते, आणि त्या तासाला हीच वही उपयोगी पडते. म्हणूनच या पानाबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

अलीकडे या पानावर एका ठरावीक धाटणीच्या गोष्टी वाढल्या आहेत. मुलांवर काही अडचण येते, मैत्री आणि चांगुलपणा यांच्या बळावर ती दूर होते आणि गोष्ट संपते. विषय उत्तमच आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे. माझी तक्रार आहे ती गोष्ट सांगण्याच्या रीतीविषयी. दोन मैत्रिणींपैकी एकीच्या हातून दुसरीची चित्रकलेची वही फाटते, दोघी बोलेनाशा होतात, आई किंवा बाई त्यांना जवळ बोलावून समजावतात, ‘मग दोघींनी एकमेकींची माफी मागितली आणि त्या पुन्हा जिवलग मैत्रिणी झाल्या’ असे वाक्य येते आणि खाली ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले असते. अशीच एक गोष्ट मी मागच्या पावसाळ्यात वाचून दाखवली, तेव्हा तिसरीतल्या एका मुलाने हात वर करून विचारले, “बाई, पण त्या काय बोलल्या?” मी म्हणाले, “माफी मागितली.” तो म्हणाला, “ते कळलं. पण काय बोलून मागितली? आधी कोण बोललं?”

मला उत्तर देता आले नाही, कारण गोष्टीत ते नव्हतेच. नंतर समजले की, त्या मुलाची त्याच्या शेजारच्या मित्राशी चार दिवस कट्टी होती. त्याला बट्टी करायची होती, परंतु सुरुवात कशी करावी हे त्याला उमगत नव्हते. भांडू नये, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. भांडण झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी मित्र समोर आला, तर मान खाली घालावी की हाक मारावी, हाक मारली आणि त्याने तोंड फिरवले तर पुढे काय करावे, हे त्याला हवे होते. त्या गोष्टीने अडचण सांगितली, शेवटही सांगितला आणि ज्या मधल्या वाटेने मुलाला प्रत्यक्ष चालायचे असते ती संपूर्ण वाट ‘मग’ या एका शब्दात गुंडाळून टाकली. माझे सारे म्हणणे या एका ‘मग’विषयी आहे.

आपल्याकडे हे नेहमी असेच होते असे मात्र नाही. पंचतंत्राचे दुसरे तंत्र, ज्याला मित्रसंप्राप्ती म्हणतात, ते एकदा या दृष्टीने वाचून पाहावे. पारध्याने दाणे टाकून जाळे पसरले आणि कबुतरे त्यात अडकली, एवढे आपल्याला आठवते, आणि सगळी मिळून जाळ्यासकट उडाली हेही आठवते. ‘एकीचे बळ’ म्हणून आपण गोष्ट तिथेच संपवतो. वास्तविक अडचण तिथे संपलेली नसते, कारण उडाली तरी कबुतरे जाळ्यातच आहेत. त्यांचा राजा चित्रग्रीव त्यांना आपल्या जुन्या मित्राकडे, हिरण्यक नावाच्या उंदराकडे नेतो. मित्राला पाहून हिरण्यक साहजिकच आधी त्याचे पाश कुरतडू लागतो, तेव्हा चित्रग्रीव त्याला थांबवतो आणि सांगतो की, आधी माझ्या सोबत्यांचे पाश तोड. त्याचे कारणही तो देतो आणि ते अगदी व्यवहारातले आहे. माझे पाश तोडता तोडता तुझे दात दुखावले किंवा तेवढ्यात पारधी येऊन पोहोचला, तर हे सगळे तसेच अडकून राहतील, असे तो म्हणतो. ‘राजा प्रेमळ होता’ असे कोणी आपल्याला सांगत नाही. कोणाची दोरी आधी तोडायची या एका निर्णयात त्याचे प्रेम दिसते, आणि ते सात वर्षांच्या मुलालाही दिसते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

पुढचा भाग तर मला याहूनही मोलाचा वाटतो. हे सगळे लघुपतनक नावाचा कावळा पाहत असतो. असा मित्र आपल्यालाही असावा असे त्याला वाटते आणि तो उंदराच्या बिळापाशी येऊन मैत्री मागतो. उंदीर बाहेर येत नाही. तू खाणारा आणि मी तुझे खाणे, आपली मैत्री कशी व्हायची, असे तो बिळातूनच विचारतो. कावळा तिथे बसून राहतो, बोलत राहतो, पुन्हा पुन्हा समजावतो. विश्वास हळूहळू बसतो आणि तो कसा बसला हे आपल्याला सविस्तर ऐकायला मिळते. मंथरक कासव आणि चित्रांग हरीण त्यांना येऊन मिळतात. हरीण फाशात सापडते तेव्हा कावळा उडत जाऊन ते कुठे आहे हे शोधतो आणि उंदराला पाठीवर बसवून तिथे नेतो. उंदीर दोर कुरतडतो. तोवर कासव राहवत नाही म्हणून मागून हळूहळू चालत येऊन पोहोचते आणि नेमके तेच पारध्याच्या हाती लागते. मायेपोटी आलेल्या कासवामुळे एक नवीच अडचण उभी राहते. मग तिघे मिळून युक्ती करतात. हरीण पाण्याच्या काठी मेल्यासारखे पडून राहते, कावळा त्याच्यावर बसून डोळे टोचत असल्याचे सोंग करतो, पारधी कासवाला खाली टाकून हरणाकडे धावतो आणि तेवढ्या वेळात उंदीर कासवाचे बंध तोडून त्याला मोकळे करतो. ज्याला जे येते ते तो करतो. मी हा भाग सांगू लागले की, मुले पुढच्या पायरीचा अंदाज बांधू लागतात, एकमेकांना अडवू लागतात, ‘आता उंदीर, आता उंदीर’ म्हणून ओरडू लागतात. तो आवाज ऐकला की, वर्गात काहीतरी खरे घडत आहे याची मला खात्री पटते.

तात्पर्य छापण्याच्या आपल्या सवयीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीतीच्या कथा मराठीत आणल्या. त्याच वर्षी त्यांचे ‘बाळमित्र’ हे पुस्तकही निघाले. म्हणजे मुलांसाठी छापलेल्या मराठी गोष्टींचा प्रवास दोनशे वर्षांचा होत आला. या काळात गोष्ट हे उपदेशाचे साधन आहे, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की, उपदेश दिसला नाही तर पालकांना चुकल्यासारखे वाटते. आमच्या वाचनालयातही पालक येऊन विचारतात, “यातून मुलानं काय घ्यायचं?” मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांना मुलांची काळजी आहे आणि वाचनात घालवलेला वेळ वाया जाऊ नये असे त्यांना मनापासून वाटते. परंतु तात्पर्य वाचले की मुले पुस्तक मिटतात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. गोष्टीचा अर्थ कोणीतरी लावून दिला की, ती गोष्ट मनात घोळवण्याचे कारणच उरत नाही. आणि तात्पर्य नसलेल्या गोष्टीवर हीच मुले घरी जाताना रस्त्याने वाद घालत जातात.

याच संदर्भात चिऊ-काऊच्या गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे, मोठा पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ म्हणत उभा राहतो आणि चिऊताई बाळाला न्हाऊमाखू घालीत त्याला ताटकळत ठेवते. मराठी घरांत बहुधा प्रत्येकाने ऐकलेली ही पहिली गोष्ट आहे, आणि जरा थांबून पाहिले तर ती न सोडवलेल्या अडचणीची गोष्ट आहे. एकाचे घर गेले आहे आणि दुसऱ्याचे दार बंद आहे. मोठ्यांना तिची इतकी सवय झालेली असते की, त्यात काही खटकत नाही. मुलांना मात्र खटकते.

माझ्या नोकरीची शेवटची काही वर्षे वाळवा तालुक्यात गेली. दिवाळी झाली की आमच्या भागात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात, ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात कोपी, म्हणजे बांबू आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात. त्या टोळ्यांबरोबर बीडकडून आलेली काही मुले अर्ध्या वर्षात आमच्या शाळेत दाखल होत. अशीच एक मुलगी एका वर्षी दुसरीच्या वर्गात आली. तिच्या बोलण्यातला हेल वेगळा होता, अंगावर गणवेश नव्हता आणि वर्गातल्या जोड्या तर जूनमध्येच लागून गेल्या होत्या. ती शेवटच्या ओळीत एकटी बसत असे. मी सांगितले म्हणून एखादी मुलगी तिच्याशेजारी जाऊन बसायची आणि मधल्या सुट्टीनंतर परत आपल्या जागी यायची. ‘सर्वांशी प्रेमाने वागा’ हे आमच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. त्याचा त्या मुलीला काडीचाही उपयोग झाला नाही.

एके दिवशी मी चिऊ-काऊची गोष्ट अर्ध्यावर थांबवली आणि मुलांना विचारले की, आता कावळ्याने काय करावे. गावातली मुले भराभर बोलू लागली. चिऊने दार लवकर उघडावे, असे बहुतेकांचे मत पडले. एका शेतकऱ्याच्या मुलाने सांगितले की, नुसत्या शेणाचे घर टिकणारच नाही, त्यात माती आणि भुसा घालून चांगले मळायला हवे. दुसऱ्याने मलाच दुरुस्त केले की, कावळा शेणाचे घर बांधतच नाही, काटक्यांचे बांधतो, आणि आमच्या नारळाच्या झाडावरच्या घरट्यात तर तारेचे तुकडेसुद्धा आहेत. मागच्या ओळीतली ती मुलगी एवढे सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “दार कशाला वाजवायचं? हाक मारायची. परवा पाऊस आला तवा आमची कोपी पडली. बापानं हाक मारली, तर टोळीतली समदी आली आन् परत उभी केली. चिऊनं पन यावं घर धरू लागाया.” वर्ग गप्प झाला. मग एका मुलाने विचारले, “कोपी कशी उभी करतात?” ती उठून फळ्यापाशी आली आणि खडूने काढून दाखवू लागली. बांबू कुठे रोवायचे, पाचट कसे घालायचे, पाऊस कोणत्या बाजूने येतो ते आधी का बघायचे, हे सगळे तिने सांगितले. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्याभोवती चारपाच मुले होती.

तेवढ्याने सगळे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. पुढच्याच आठवड्यात तिच्या पेन्सिलीवरून भांडण झाले आणि तिला लागेल असे कोणीतरी बोलले. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, तेव्हा ती आईबापांबरोबर परत गेली. परंतु मधल्या काळात तिच्याशेजारी बसायला कोणाला सांगावे लागले नाही. मला त्यातून एवढे उमगले की, तिला वर्गात जागा मिळाली ती कोणी तिची कणव केली म्हणून नव्हे. गोष्टीतल्या अडचणीचे उत्तर वर्गात फक्त तिला ठाऊक होते आणि ते सांगण्याची संधी तिला मिळाली.

येथे मुलांच्या पानावरील आणखी एका प्रकारच्या गोष्टीचा उल्लेख मला करावासा वाटतो. सधन घरातला मुलगा गरीब मुलाला आपला सदरा, दप्तर किंवा वाढदिवसाचा खाऊ देतो आणि सगळे त्याचे कौतुक करतात. देणाऱ्याला नाव असते. घेणाऱ्याला बहुधा नसते, तो ‘एक गरीब मुलगा’ असतो, त्याला काही येत नसते, तो काही विनोद करीत नाही, तो फक्त डोळ्यांत पाणी आणून आभार मानतो. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हे मी जाणते. पण मी ही गोष्ट ज्या वर्गात वाचते, तिथे चाळीसपैकी पंधरा मुले त्या नाव नसलेल्या मुलासारखी असतात आणि वाचताना मला त्यांच्याकडे पाहवत नाही. दया आणि मैत्री यांतला फरक मुलांना फार लवकर कळतो. मैत्रीत आज उंदीर कबुतरांचे पाश तोडतो आणि पुढे त्याच उंदराला कावळा पाठीवर घेतो, तिथे कोणी कायमचा उपकारकर्ता नसतो.

कावळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट नोंदवते. चिऊ-काऊच्या गोष्टीत ज्याला आपण दाराबाहेर भिजत ठेवतो, तो पक्षी प्रत्यक्षात कोकिळेने आपल्या घरट्यात घातलेली अंडी उबवतो आणि तिची पिल्ले भरवून मोठी करतो. तो हे न कळत करतो हे खरे, परंतु हे सांगितल्यावर दुसरीतल्या मुलांच्या चेहऱ्यावर कावळ्याविषयी जी माया उमटते, ती पाहण्यासारखी असते.

गोष्टींनी मुले सुधारतात, असा माझा दावा नाही. ती भांडतात, चिडवतात, एकमेकांना एकटे पाडतात आणि गोष्टी ऐकूनही पाडतात. मात्र भांडण मिटवण्याची वेळ येते तेव्हा ज्या मुलाने अशी मधली वाट गोष्टीत चारदा चालून पाहिलेली असते, त्याच्याजवळ निदान पहिले वाक्य तरी असते. ज्या मुलाने सुरुवातीला उल्लेख केलेला प्रश्न मला विचारला, त्याच्यासाठी मी पुढच्या शनिवारी ती गोष्ट बदलून सांगितली. तीत वही फाडणारी मुलगी सकाळी लवकर येते, मैत्रिणीच्या बाकावर खळ आणि कागदाची पट्टी ठेवते आणि “पान चिकटवूया का? सरळ धरायला दुसरं माणूस लागतं,” एवढेच म्हणते. मैत्रीण आधी काही बोलत नाही. नंतर पट्टी वाकडी लागते आहे हे पाहून तिला राहवत नाही आणि ती पान धरते. माफी हा शब्द त्या गोष्टीत कुठेही आला नाही. तो मुलगा ऐकून काही न बोलता घरी गेला आणि त्याच्या पुढच्या शनिवारी दोघे मित्र एकाच सायकलवरून वाचनालयात आले. गोष्टीमुळे आले की आपसूक आले, हे मी त्यांना विचारले नाही.

चांगल्या गोष्टी उपलब्ध नाहीत असेही नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर व मोबाइलवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात मराठीतील चित्रकथाही मोफत मिळतात. शिक्षणहक्क कायद्याने २००९ सालीच प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि गोष्टींची पुस्तके असली पाहिजेत असे ठरवून दिले आहे. परंतु मी काम केलेल्या एका शाळेत ती पुस्तके कपाटात कुलूपबंद होती, कारण पुस्तक फाटले तर त्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागे. फाटलेल्या पानांच्या भीतीने न उघडलेली ती पुस्तके आठवली की मला आजही वाईट वाटते. अशा परिस्थितीत ज्या घरात दुसरे पुस्तक नाही, त्या घरात किराण्याच्या पुडीबरोबर का होईना, वर्तमानपत्राचे पान पोहोचते. आमच्या वाचनालयातल्या मुलांच्या हाती नियमाने पडणारा बालसाहित्याचा एकमेव ताजा तुकडा म्हणजे आपले रविवारचे पान आहे, आणि म्हणूनच त्याविषयी इतके आग्रहाने लिहीत आहे.

माझी आपल्याला विनंती अशी की, पानाची जागा कमी असली तर तीनऐवजी एकच गोष्ट छापावी, पण ती घाईने संपवू नये. भांडण कसे मिटले, सायकलची साखळी कशी बसवली, हरवलेल्या भावाला शोधताना कोण कुठे गेले, हे पायरीपायरीने येऊ द्यावे. अडचण सोडवायला दर वेळी आई, बाई किंवा परी धावून येऊ नये, कधी मुलांचा पहिला उपाय फसावा आणि त्यांनी दुसरा शोधावा. लेखकाने पाठवले असले तरी तात्पर्य गाळावे. महिन्यातून एखादी गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुढचा भाग मुलांकडून मागवावा, आणि तो अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत किंवा कोपीवरच्या बोलीत आला तर तसाच छापावा. आणि अशा गोष्टी लिहिणाऱ्यांना, मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यांना देता तेवढेच मानधन द्यावे, कारण सहा वर्षांच्या मुलाला पटेल असा समेट लिहिणे हे अतिशय अवघड काम आहे.

या पत्रासोबत आमच्या शनिवारच्या तासातील मुलांनी लिहिलेले, वाहून गेलेले घर पुन्हा बांधण्याचे अकरा उपाय त्यांच्या पालकांच्या परवानगीने पाठवीत आहे. एकात चिमणी आपल्या घराची एक भिंत काढून दोन्ही घरे जोडते, एकात कावळा चिमणीच्या बाळाला उडायला शिकवून भाडे फेडतो, तर एकात दोघे मिळून पाऊस थांबेपर्यंत नुसते गप्पा मारतात. त्यांचे शुद्धलेखन मी सुधारलेले नाही, आपणही सुधारू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. वाळवा, जि. सांगली